बसूनच आलेली बाई

मी तिला जबरदस्तीनं आडवं केलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक माझं कौतुक करायला लागतात आणि हा भाग सांगायचा राहून जातो.

तेव्हा मी मुखेड तालुक्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर होते. घर लातूरला, शिक्षणही लातूरलाच, आणि नोकरीचं दुसरं वर्ष. त्या दिवशी गावचा बाजार होता. बाजाराच्या दिवशी आमच्या ओपीडीला नेहमीच गर्दी. भाजी घ्यायला आलेली माणसं जाताजाता बीपी बघून घेत. साडेअकराच्या सुमारास बाहेर हॉर्नचा गलका झाला आणि एक टेंपो रिव्हर्स घेत थेट पायरीला टेकला.

टेंपोच्या हौद्यात एक बाई उकिडवी बसली होती. दोन्ही तळवे खाली टेकलेले, मान इतकी पुढं वाकवलेली की खाली पडलेलं काही शोधतेय असं वाटावं. तिच्या तोंडातून रक्ताची आणि लाळेची एक जाड तार हौद्याच्या पत्र्यापर्यंत लोंबत होती. मागून एका माणसानं तिचे खांदे धरले होते. तो तिचा दीर.

बाईला मी ओळखत होते. फाट्यावर तिचं पंक्चरचं दुकान होतं. नवऱ्याचं पाठीचं दुखणं वाढलं तेव्हा तिनं पान्हे हातात घेतले ते घेतलेच. चाळिशीची, उंच, दंडानं भक्कम. माझ्या स्कूटीचं मागचं चाक तिनं दोनदा काढलेलं होतं.

"उसाच्या ट्रॉलीचं टायर होतं मॅडम," दीर एका दमात म्हणाला. "हवा भरायली होती. रिंग सुटली अन् तोंडावरच बसली."

ट्रॉलीच्या मोठ्या टायरला चाकावर धरून ठेवणारी एक लोखंडी कडी असते. ती नीट बसली नसेल आणि आत हवा दाबून भरली, तर ती बंदुकीतून सुटल्यासारखी सुटते. ती तिच्या चेहऱ्यावर आडवी बसली होती. चेहऱ्याचा मधला भाग मागं दाबल्यासारखा सपाट झाला होता. नाकाच्या दोन्ही पुड्यांतून रक्त वाहत होतं. खालचा जबडा दोन्हीकडून मोडला होता आणि मधला तुकडा दातांसकट सुटा हलत होता. डावा डोळा सुजून बंद. उजवा उघडा होता, आणि त्या डोळ्यानं ती माझ्याकडं बघत होती. पूर्ण शुद्धीत होती.

चेहऱ्याला एवढा मार बसला असेल तर मानही मोडलेली असू शकते, असं धरून चालायचं असतं. पेशंटला सपाट झोपवायचं, मानेला पट्टा लावायचा, हलू द्यायचं नाही. हे मला पाठ होतं. स्ट्रेचरवर घेतल्या घेतल्या मी म्हटलं, "आडवं करा. मान हलवू नका."

ती होईना. सिस्टरचा हात तिनं झटकला, वॉर्डबॉयला कोपर मारलं आणि स्ट्रेचरच्या काठाला घट्ट धरून पुढं वाकून बसून राहिली.

"रस्त्यात बी झोपली न्हाई मॅडम," दीर दारातून म्हणाला. "दोनदा आडवी केली, दोनदा उठून बसली. बसूनच आली बगा."

मी ते ऐकलं. कानांनी ऐकलं, एवढंच.

"घाबरल्यात त्या," सिस्टर म्हणाली. "झोपेचं इंजेक्शन भरू का?"

"भरून ठेवा. आधी आडवं करू."

आम्ही तिघांनी मिळून तिला दाबलं. तिचा जोर मोठा होता, पण तिघांपुढं एकटीचा किती चालणार. पाठ स्ट्रेचरला टेकली आणि तिच्या घशातून मोरीत पाणी ओढलं जातं तसा आवाज आला. मग आवाजच थांबला. छाती वर येत होती, गळ्याच्या खाचा आत ओढल्या जात होत्या, पोट उडत होतं, आणि हवा मात्र कुठूनच जात नव्हती. बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावर ब्याण्णव होतं. बघता बघता सत्त्याऐंशी. एकोणऐंशी. तिनं माझा एप्रन मुठीत धरला आणि मला खाली ओढलं. तो उजवा डोळा माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जीभ पुढून जबड्याच्या ज्या तुकड्याला धरलेली असते, तोच तुकडा सुटला होता. बाई पुढं वाकलेली असताना जीभ आपल्या वजनानं पुढं राहत होती आणि रक्त बाहेर गळत होतं. आडवं केल्याबरोबर जीभ घशावर बसली आणि त्यावर रक्ताचं तळं साचलं. ती आमच्याशी भांडत नव्हती. श्वास घेता येईल अशी एकच जागा तिला सापडली होती आणि ती तिला सोडायची नव्हती.

"उठवा! उठवा तिला!" मी ओरडले.

बसवल्याबरोबर तिनं स्वतःच मान पुढं टाकली. कलेजीच्या तुकड्याएवढी रक्ताची गाठ ट्रेमध्ये पडली आणि तिनं आत श्वास ओढला. करवत चालवल्यासारखा आवाज झाला, पण आवाज झाला.

सिस्टरच्या हातात भरलेली सिरिंज होती. "ठेवून द्या ती," मी म्हटलं. "झोपवायचं नाही. कशानंच नाही."

मी तिच्यासमोर फरशीवर गुडघे टेकून बसले, म्हणजे तिला मान वर करावी लागू नये. "ताई, तुमचं बरोबर होतं," मी म्हटलं. "आता अशाच बसा. मी खालून बघते." सिस्टरनं मागून दोन्ही हातांनी तिची मान सरळ धरून ठेवली. पट्टा लावला असता तर जबडा मागं ढकलला गेला असता.

नांदेडला जबड्याची ऑपरेशनं करणारे एक सर होते. एका शिबिरात ओळख झाली होती, नंबर होता. फोन स्पीकरवर टाकून मी ट्रेजवळ ठेवला.

"श्वास कसा चाललाय?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. फ्रॅक्चरचं नंतर.

"बसून, पुढं वाकून चाललाय. आडवं केलं की बंद पडतो."

"आडवं केलं होतंस?"

"हो."

"बरं. आता करू नकोस. तिला जी जागा सापडलीय ती मोडू नकोस. तोंडात बोट घाल, सुटे दात असतील ते काढ. मोजून ठेव."

चार निघाले. मग त्यांच्या सांगण्यावरून मी जीभ बधिर करण्यापुरतं औषध दिलं, टोकाच्या जरा मागून जाड रेशमी दोरा ओवला आणि त्याचा लांब फास ठेवला. दोरा ओढला की जीभ पुढं येई. सुई जाताना बाईनं डोळा मिटला नाही. स्ट्रेचरचा दांडा तेवढा आवळून धरला.

नाकातलं रक्त मात्र थांबेना. पुढून कापूस कोंबून उपयोग नव्हता. ते मागून, खोलवरून येत होतं आणि अर्धं घशात उतरत होतं. "लघवीची नळी आहे ना? फुग्याची?" सरांनी विचारलं.

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. "नाकात?"

"नाकात. पण वर नाही, सरळ मागं. नाकाच्या तळाला धरून. वरची हाडं मोडलेली असणार, तिकडं टोक जाता कामा नये."

नळी घशामागं पोचली की तिच्या टोकाचा फुगा पाण्यानं फुगवायचा आणि नळी हलकेच पुढं ओढायची. फुगा नाकाच्या मागच्या दाराशी बुचासारखा बसतो. मग पुढून पट्टी भरायची. मी हे पुस्तकात वाचलं होतं, केलं कधी नव्हतं. उजव्या बाजूला पहिल्या झटक्यात बसला. डाव्या बाजूला वाट वाकडी झालेली, तिसऱ्या प्रयत्नाला गेला. धार होती तिचे थेंब झाले. दोन्ही हातांना सलाइन, रक्त थांबवायचं इंजेक्शन, तोंडासमोर ऑक्सिजन.

"निघ आता," सर म्हणाले. "पण ऐक. तिच्या पोटात भरपूर रक्त गेलंय. ते उलटून येणार, हे धरूनच चाल. ब्लेड आणि नळी पेटीत ठेवू नकोस, हाताशी ठेव."

"सर, गळ्याला छेद देऊन नळी मी माणसात कधी टाकलेली नाही."

"मग कशात टाकलीयस?"

"बकऱ्यात."

लातूरला शिकत असताना आमचे एक शिक्षक खाटकाकडून बकऱ्यांच्या श्वासनळ्या आणून टेबलावर मांडायचे आणि आम्हाला त्यांवर छेद घ्यायला लावायचे. आम्ही नाकाला रुमाल लावून हसत हसत घेतले होते.

"रचना तीच असते," सर म्हणाले. "ये."

अॅम्ब्युलन्समध्ये ती बाकावर बसली, कोपरं समोरच्या स्ट्रेचरवर टेकून, खाली स्टीलचं घमेलं. सिस्टर मागून मान धरून. मी तिच्यासमोर. डाव्या हाताची दोन बोटं तिच्या खालच्या दातांमागं घालून मी जबड्याचा सुटा तुकडा पुढं धरला होता, जिभेचा दोरा करंगळीला गुंडाळला होता आणि उजव्या हातात रक्त ओढून घेणारी सक्शनची नळी. दीर पुढं ड्रायव्हरशेजारी. आम्ही एक खूण ठरवली: माझ्या गुडघ्यावर तिनं एक थाप मारली की सक्शन, दोन मारल्या की थांबायचं.

ड्रायव्हर जुना माणूस होता. गतिरोधक आला की आधीच ओरडायचा, "उसळी!" आणि आम्ही तिघी अंग आवळून बसायचो. तरीही दोनदा तिचे दात माझ्या बोटांवर कचकन बसले. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. एकेक ओलांडताना तो पुढून शिव्या देई आणि लगेच "माफ करा मॅडम" म्हणे. एक थाप. सक्शन. एक थाप. सक्शन. यंत्रावर पंच्याण्णव.

कंधारच्या बाजारात गाडी अडकली तेव्हा तिथल्याच दवाखान्यात थांबावं का असा विचार मनात आला. पण श्वास चांगला चालला होता, रक्त आटोक्यात होतं, आणि नांदेडला ऑपरेशन थिएटर तयार होतं. "चला," मी म्हटलं.

कंधार मागं पडून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. तिनं माझ्या गुडघ्यावर एक थाप मारली, मग लागोपाठ तीन-चार. तिचं पोट आवळलं गेलेलं मला दिसलं आणि पुढच्या क्षणी काळं रक्त घमेल्यात, माझ्या मांडीवर, सगळीकडं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काहीच बाहेर आलं नाही. आत गाठ अडकली होती.

सक्शनची नळी तुंबली. बदलली, पुन्हा तुंबली. दोरा ओढला, जबडा ओढला. वरचा जबडाही हलतोय हे सुटे दात काढतानाच कळलं होतं. दात धरून तो पुढं ओढला तेव्हा एक घोट हवा आत गेली, मग तीही बंद. नव्वद. ब्याऐंशी. चौऱ्याहत्तर. माझ्या गुडघ्यावरचा तिचा हात थापा मारत होता तो थांबला आणि नुसताच पडून राहिला. मान जड झाली.

"गाडी थांबवा!"

सकाळी मी तिला चुकून आडवं केलं होतं. आता जाणूनबुजून केलं, कारण तोंडावाटे जाणारी वाट बंदच झाली होती. सिस्टरनं डोकं धरलं. मी ब्लेड उघडलं.

बाईच्या गळ्याचा उंचवटा पुरुषासारखा दिसत नाही, आणि हा गळा तर सुजलेला, रक्तानं माखलेला. डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. मी डाव्या हाताचं बोट मधोमध खाली सरकवत नेलं. कडक. कडक. मग छोटीशी खाच. मग पुन्हा कडक कडी. त्या खाचेत एक पातळ पडदा असतो आणि त्याच्या पलीकडं श्वासनळी. वर-खाली कडक आणि मधे खाच आहे ना, हे मी तीनदा चाचपलं. ऑक्सिजन उतरेल तसा यंत्राचा आवाज खालच्या पट्टीत जातो; तेवढ्यात तो आणखी खोल गेला.

"मॅडम," सिस्टर म्हणाली.

मी कातडीला उभा छेद दिला. रक्त आलं, खाच दिसेनाशी झाली. बोट आत घातलं. बोटाला ती सापडली. मग पडद्यात ब्लेडचं टोक आडवं रोवलं. फस्स करून हवा आली आणि रक्ताचा फवारा माझ्या चष्म्यावर उडाला. करंगळी त्या भोकात ठेवून मी तिच्या कडेनं नळी सरकवली. सिस्टरनं नळीचा फुगा भरला, श्वास देणारी पिशवी जोडली, दाबली.

छाती वर आली. दोन्हीकडून.

यंत्रावर एकसष्ट होतं. ते यंत्र थोडं मागं चालतं हे माहीत होतं, तरी त्या आकड्याकडं बघत मी श्वास रोखून बसले होते. एकसष्ट. एकसष्ट. अडुसष्ट. ऐंशी. त्र्याण्णव.

मागचं दार उघडलं गेलं. दीर रस्त्यावर उभा होता. त्यानं आत बघितलं.

"गेली का?"

"नाही. श्वास घेतायत."

"आवाज येईना की."

"आता गळ्यातून घेतायत. आवाज नाही येणार."

तो रस्त्याच्या कडेला खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ड्रायव्हरनं त्याला दंडाला धरून उठवलं आणि पुढं नेऊन बसवलं.

गाडी हलली तेव्हा तिचा डोळा उघडला. हात गळ्याकडं निघाला, मी तो धरला. "बोलायला जाऊ नका ताई. नळी आहे. बरं आहे सगळं." तिनं माझ्या हातावर एक थाप मारली. मला वाटलं, आभार मानतेय.

"सक्शन मागायल्यात त्या," सिस्टर म्हणाली.

खरंच नळीत रक्त साचलं होतं. मी घाईघाईनं काढलं.

नांदेडला सर दारातच उभे होते. त्यांनी वाकून गळा बघितला. "थोडं डावीकडं गेलंय," म्हणाले. "पण आत आहे." आणि तिला घेऊन गेले. पुढचे चार तास त्यांचे. मी बेसिनवर हात धुतले तेव्हा डाव्या हाताच्या दोन बोटांवर तिच्या दातांचे निळे वळ दिसले. कुणीतरी चहा आणून दिला. सिस्टरनं तिचा संपवला, माझाही संपवला आणि म्हणाली, "चला मॅडम, ओपीडी तशीच राहिलीय."

ती वाचली. जबडे धातूच्या पट्ट्यांनी जोडले, गळ्याचं भोक पुढं बुजलं. समोरचे दात गेले, डाव्या डोळ्याला कायमचं अंधुक दिसायला लागलं आणि आवाज घोगरा झाला. तीन महिन्यांनी ती दवाखान्यात आली. तोंड दोन बोटांएवढंच उघडत होतं, तेही ती अभिमानानं उघडून दाखवत होती. गर्दी ओसरेपर्यंत मी तिला बसवून ठेवलं. मग दार लोटून म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी तुम्हाला जबरदस्तीनं आडवं केलं होतं. दीर सांगत होते, तरी."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "समदं ठाव हाय. मला वाटलं, ह्या बाया हितंच मारून टाकत्यात मला."

"राग नाही आला?"

"लई आला. म्हून तर वाटंत चावले."

ती हसली की तिचा चेहरा एकीकडंच हलायचा. मी हसू शकले नाही. ती ते बघत होती. म्हणाली, "तुमी लगीच उटवलं बी. चुकलं न्हाई म्हनून आडून बसला असता तर मी काय केलं असतं?" आणि मग पिशवीतून कागद काढून औषधांचं विचारायला लागली.

त्यानंतर माझ्याकडं जो कुणी नवीन डॉक्टर आला, त्याला मी दोन गोष्टी करायला लावल्या. एक म्हणजे बाजाराच्या दिवशी खाटकाकडून बकऱ्याच्या श्वासनळ्या आणून छेद घेणं. दुसरी म्हणजे चेहऱ्याला मार लागलेला पेशंट आला की आधी सोबतच्याला विचारणं: येताना कसे बसले होते? नवीन पोरांना दुसरी गोष्ट फार किरकोळ वाटते.

परवा कंधारकडं जाताना फाट्यावर माझ्या गाडीची हवा कमी झाली. दुकान चालू होतं. तिनं उदगीरच्या एका वेल्डरकडून जाड सळ्यांचा पिंजरा करून घेतलाय. ट्रॉलीचं टायर असलं की ते पिंजऱ्यात ठेवायचं, नळी जोडायची आणि दहा पावलं लांब भिंतीआडून हवा भरायची. मी पोचले तेव्हा आत एक टायर होतं आणि ट्रॅक्टरवाला पिंजऱ्याला टेकून मोबाइल बघत उभा होता.

"लांब हो!" ती त्या घोगऱ्या आवाजात ओरडली. "सवताचं तोंड पसंत न्हाई का तुला?"

तो दोन पावलं सरकला. तिनं त्याला पार रस्त्यापलीकडं जायला लावलं आणि मगच हवेच्या कॉकला हात घातला.